द्रवाचा अपवर्तनांक : थेंबाची ओळख सांगणारा आकडा



गळीत हंगाम चालू असताना लातूरकडे मांजरा नदीच्या काठच्या एखाद्या गावी गेलात, तर उसाच्या फडात एक दृश्य तुम्हांला पाहायला मिळेल. साखर कारखान्याचा चिटबॉय बांधावर येतो, फडात शिरून चार-सहा ऊस निवडतो, प्रत्येकाला टोचून रसाचा एकेक थेंब काढतो आणि तो एका वीतभर लांबीच्या नळीच्या तिरप्या काचेवर ठेवतो. वरचे झाकण मिटून नळी आभाळाकडे धरतो, एक डोळा लावतो आणि म्हणतो, “सतरा”. पुढच्या उसाला “साडेअठरा”. शेतकरी शेजारीच उभा असतो. आकडा अठरा ते वीसच्या पुढे गेला आणि बुडख्याकडचा व शेंड्याकडचा आकडा जवळजवळ सारखा आला, तर ऊस पक्व झाला असे धरतात. तसे नसेल तर तोड पुढे जाते. कोवळा ऊस तोडला तर साखर कमी उतरते, फार उशीर झाला तर ऊस वाळतो आणि वजन घटते. एका थेंबावर बरेच काही अवलंबून असते.

त्या नळीत चिटबॉयने काय पाहिले? रसाची गोडी डोळ्याने कशी दिसली? याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या प्रकाशाच्या धड्यात आहे. त्याने रसाचा अपवर्तनांक मोजला. जुन्या पुस्तकांत यालाच ‘वक्रीभवनांक’ म्हणत. नांदेडला आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हीच राशी विद्यार्थी टाचणी, भिंग आणि आरसा घेऊन मोजतात. फड आणि प्रयोगशाळा यांच्यात फरक एवढाच, की फडात आकडा आयता वाचता येतो आणि प्रयोगशाळेत तो मिळवावा लागतो. मिळवलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे कळणे, हाच या प्रयोगाचा खरा धडा आहे. आज आपण तोच पाहू.

अपवर्तनांक म्हणजे काय?

प्रकाश निर्वातात सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. पाण्यात त्याचा वेग सुमारे सव्वादोन लाखांवर येतो. पहिल्या वेगाला दुसऱ्याने भागले की १.३३ हा आकडा मिळतो. हाच पाण्याचा अपवर्तनांक. वेग बदलल्यामुळे तिरपा शिरणारा किरण वाकतो. आपाती कोनाच्या साइनला अपवर्तित कोनाच्या साइनने भागले तरी तोच आकडा येतो. हा नियम नेदरलँड्सच्या विलेब्रॉर्ट स्नेल याने १६२१ मध्ये शोधला. बगदादच्या इब्न सहल या गणितज्ञाला तो त्याच्याही आधी, दहाव्या शतकाच्या अखेरीस ठाऊक होता.

किरण वाकतो म्हणूनच पाण्याने भरलेल्या हौदाचा तळ वर आल्यासारखा दिसतो. वरून सरळ पाहिले तर १२ सेंटिमीटर खोल पाणी ९ सेंटिमीटर खोल भासते. खऱ्या खोलीला भासमान खोलीने भागा : १२ भागिले ९, म्हणजे १.३३. प्रकाशाचा वेग न मोजताच आपण दोन वेगांचे गुणोत्तर काढले! प्रयोगशाळेतली पहिली पद्धत या साध्या गोष्टीवर उभी आहे.

पहिली पद्धत : खरी आणि भासमान खोली

या पद्धतीसाठी सरकता सूक्ष्मदर्शक, म्हणजे ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप लागतो. तो उभ्या पट्टीवर वरखाली सरकतो आणि त्याची जागा व्हर्नियरवर एक शतांश मिलिमीटरपर्यंत वाचता येते. सपाट बुडाच्या काचपात्राच्या तळाशी शाईची बारीक फुली काढा आणि तीन वाचने घ्या. पहिले, पात्र रिकामे असताना फुली स्पष्ट दिसेल तेव्हाचे. दुसरे, पात्रात द्रव ओतल्यावर तीच फुली पुन्हा स्पष्ट दिसेल तेव्हाचे. तिसरे, द्रवाच्या पृष्ठभागावर खडूची चिमूटभर पूड टाकून ती स्पष्ट दिसेल तेव्हाचे.

उदाहरणादाखल ही तीन वाचने अनुक्रमे ३.४१२, ४.०१३ आणि ५.८१६ सेंटिमीटर आहेत असे समजू. खरी खोली ५.८१६ वजा ३.४१२, म्हणजे २.४०४ आणि भासमान खोली ५.८१६ वजा ४.०१३, म्हणजे १.८०३. भागाकार १.३३३.

पद्धत सोपी आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. व्हर्नियर शतांश मिलिमीटर दाखवत असला, तरी फुली ‘नेमकी’ केव्हा स्पष्ट झाली हे डोळा तितक्या बारकाईने सांगू शकत नाही. सूक्ष्मदर्शक थोडा वर किंवा थोडा खाली सरकवला तरी फुली तितकीच स्पष्ट वाटते. म्हणून प्रत्येक वाचन पुन:पुन्हा घेऊन सरासरी काढायची असते. उपकरणाची बारीकी आणि मोजमापाची बारीकी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

दुसरी पद्धत : पाण्याचे भिंग

अकरावी-बारावीच्या प्रयोगांतली माझी आवडती पद्धत हीच. एक सपाट आरसा टेबलावर ठेवा, त्यावर बहिर्गोल भिंग ठेवा आणि वर स्टँडला एक टाचणी आडवी लावा. वरून पाहिले की टाचणीची उलटी प्रतिमा दिसते. टाचणी वरखाली करीत एक जागा अशी सापडते, की टाचणीचे टोक आणि प्रतिमेचे टोक एकमेकांना भिडते आणि डोके डावीकडे-उजवीकडे हलवले तरी दोन्ही टोके बरोबरच राहतात. पॅरॅलॅक्स नाहीसा झाला असे आपण म्हणतो. या वेळी टाचणी भिंगाच्या नाभीवर असते. तिच्यापासून निघालेले किरण भिंगातून समांतर होऊन आरशावर सरळ आपटतात आणि आल्या वाटेने परत जातात. म्हणून टाचणीचे भिंगापासूनचे अंतर, म्हणजेच भिंगाचे नाभीय अंतर होय.

आता भिंग उचलून आरशावर पाण्याचे काही थेंब टाका आणि भिंग पुन्हा ठेवा. भिंगाचा खालचा फुगीर पृष्ठभाग आणि सपाट आरसा यांच्यामध्ये पाणी पसरते. त्याचा आकार कसा असेल? वरून खोलगट, खालून सपाट. म्हणजे आपण काचेच्या बहिर्गोल भिंगाला पाण्याचे अंतर्गोल भिंग चिकटवले! पाण्याचे भिंग किरण पांगवते, म्हणून जोडभिंगाचे नाभीय अंतर वाढते आणि टाचणी वर सरकवावी लागते.

हिशेब असा : काचेच्या भिंगाच्या नाभीय अंतराचा व्यस्तांक घ्या, त्यातून जोडभिंगाच्या नाभीय अंतराचा व्यस्तांक वजा करा. उरतो तो पाण्याच्या भिंगाच्या नाभीय अंतराचा व्यस्तांक. त्याला भिंगाच्या खालच्या पृष्ठभागाच्या वक्रता-त्रिज्येने गुणा आणि गुणाकारात एक मिळवा. आला अपवर्तनांक.

भिंगाचे नाभीय अंतर २० सेंटिमीटर, त्रिज्याही २० सेंटिमीटर आणि पाणी घातल्यावरचे नाभीय अंतर ३० सेंटिमीटर असेल, तर एक विसांश वजा एक तिसांश म्हणजे एक साठांश. पाण्याच्या भिंगाचे नाभीय अंतर ६० सेंटिमीटर. वीसला साठने भागून एक मिळवला की १.३३३. पाण्याऐवजी शेंगदाण्याचे तेल घेतलेत तर टाचणी सुमारे साडेसदतीस सेंटिमीटरपर्यंत वर न्यावी लागेल आणि उत्तर १.४७ च्या आसपास येईल.

त्रिज्या स्फेरोमीटरने मोजतात. इथे फार जपावे लागते. स्फेरोमीटरच्या पायांमधले अंतर ४ सेंटिमीटर असेल, तर २० सेंटिमीटर त्रिज्येच्या भिंगाचा मधला उंचवटा जेमतेम १.३ मिलिमीटर भरतो. त्यात शतांश मिलिमीटरची चूक झाली की त्रिज्या दीड मिलिमीटरने चुकते.

एका जर्नलची गोष्ट

काही वर्षांपूर्वीचा प्रसंग सांगतो. प्रात्यक्षिकाच्या तासाला एका बॅचमधल्या सर्वांच्या जर्नलमध्ये पाण्याचा अपवर्तनांक १.३३ लिहिलेला होता. फक्त एका मुलाचे उत्तर १.३५ आले होते. तो खोडरबर हातात घेऊन माझ्याकडे आला.

“सर, माझं चुकलं. खोडून एक पूर्णांक तेहेतीस करू का?”

मी म्हटले, “खोडू नकोस. पट्टी कुठून कुठपर्यंत धरलीस ते आधी दाखव.”

त्याने दाखवले. कोरड्या भिंगाच्या वेळी त्याने टाचणीपासून भिंगाच्या माथ्यापर्यंतचे अंतर घेतले होते : १९.८ सेंटिमीटर. पाणी घातल्यावर मात्र भिंग ओले झाले म्हणून ते बाजूला करून पट्टी थेट आरशावर टेकवली होती : ३०.२ सेंटिमीटर. भिंगाची जाडी अर्धा सेंटिमीटर होती. अंतर मोजायला हवे ते भिंगाच्या मध्यापर्यंत. म्हणून माथ्यापर्यंतचे आणि आरशापर्यंतचे अशी दोन अंतरे घेऊन त्यांची सरासरी काढतात. त्याचे पहिले अंतर पाव सेंटिमीटरने कमी होते आणि दुसरे तितकेच जास्त. दोन्ही दुरुस्त करून त्याने पुन्हा गणित केले आणि उत्तर १.३३ आले.

मित्रांनो, त्या तासाला अपवर्तनांक खऱ्या अर्थाने कोणी शिकले असेल तर याच मुलाने. इतरांपैकी किती जणांनी उत्तर मोजून काढले आणि किती जणांनी पुस्तकातून उलटे गणित करून, हे मला सांगता येणार नाही. पण इतका सगळा वर्ग अगदी १.३३ वर येऊन थांबावा, हे पटत नाही. कारण याच भिंगावर चुकांचा हिशेब करून पाहा. जोडभिंगाच्या नाभीय अंतरात ३ मिलिमीटरची चूक झाली तर उत्तर ०.००७ ने बदलते. काचेच्या भिंगाच्या नाभीय अंतरात तेवढीच चूक झाली तर जवळजवळ ०.०१५ ने. टाचणीची जागा डोळ्याने ठरवताना दोन-तीन मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात. तेव्हा प्रामाणिकपणे काम करणाऱ्या वर्गात १.३२, १.३३, १.३४ अशी उत्तरे यायला हवीत. सगळ्यांचे एकच उत्तर आले तर शिक्षकांनी खूश होऊ नये, थोडी शंका घ्यावी.

ही खोड आजची नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने हवेतून पाण्यात शिरणाऱ्या किरणांचे कोन मोजले. आपाती कोन १०, २०, ३० असे ८० अंशांपर्यंत घेऊन त्याने अपवर्तित कोनांचे कोष्टक दिले : ८, साडेपंधरा, साडेबावीस, २९, ३५, साडेचाळीस, साडेपंचेचाळीस, ५०. आता लागोपाठच्या दोन कोनांतला फरक काढा : साडेसात, सात, साडेसहा, सहा, साडेपाच, पाच, साडेचार. प्रत्येक पायरी अगदी अर्ध्या अंशाने लहान! प्रत्यक्ष मोजमापे इतक्या शिस्तीत पडत नाहीत. टॉलेमीने काही कोन मोजले आणि बाकीचे या सुंदर नियमात बसवले, असेच इतिहासकार मानतात. पण निसर्गाचा नियम वेगळा होता. स्नेलच्या नियमाप्रमाणे ८० अंशांना उत्तर ५० नव्हे, तर सुमारे साडेसत्तेचाळीस अंश येते. मधल्या कोनांना टॉलेमीचे आकडे बरोबर आहेत, टोकाला ते घसरतात. त्याने टोकाचे आकडे जसेच्या तसे ठेवले असते, तर खरा नियम शोधणाऱ्यांना एक चांगला दुवा मिळाला असता.

तिसरा आणि चौथा दशांश

टाचणी-भिंगाच्या पद्धतीने दुसरा दशांश कसाबसा हाती लागतो. पण शुद्ध पाणी १.३३३० आणि दहा टक्के साखरेचे पाणी १.३४७८. दोघांतला फरक ०.०१५ च. उसाच्या रसात एका टक्क्याचा फरक ओळखायचा तर तिसरा दशांश पक्का हवा, चौथा मिळाल्यास उत्तम. त्यासाठी युक्ती वेगळी लागते.

जर्मनीतल्या येना गावच्या अर्न्स्ट अ‍ॅबे या भौतिकशास्त्रज्ञाने ही युक्ती वापरून केलेल्या अपवर्तनांकमापीचे, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरचे वर्णन १८७४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात दोन लोलकांच्या फटीत द्रवाचा एक थेंब दाबून बसवतात. मुख्य लोलकाची काच जास्त अपवर्तनांकाची असते, समजा १.७५. द्रवातून येणारे किरण या काचेत शिरताना आत वाकतात. अगदी पृष्ठभागाला चाटून आलेला किरणही काचेत एका ठरावीक कोनापलीकडे जाऊ शकत नाही. तो कोन म्हणजे तुमच्या ओळखीचा क्रांतिक कोन. त्याचा साइन म्हणजे द्रवाचा अपवर्तनांक भागिले काचेचा अपवर्तनांक. पाण्यासाठी हा कोन सुमारे ४९.६ अंश येतो आणि १.४७ अपवर्तनांकाच्या तेलासाठी ५७.१ अंश.

दुर्बिणीतून पाहिले की क्रांतिक कोनाच्या अलीकडे उजेड आणि पलीकडे अंधार दिसतो. मध्ये धारदार रेघ. ही रेघ कुठे आहे ते वाचायचे, बस्स. ‘प्रतिमा स्पष्ट झाली का?’ हे ठरवणे डोळ्याला अवघड जाते, पण उजेड आणि अंधार यांची सीमा तो फार चांगली ओळखतो. अ‍ॅबेने डोळ्याला जमणारे काम डोळ्याला दिले, म्हणून चौथा दशांश हाती आला.

चिटबॉयच्या हातातली नळी हे याच उपकरणाचे धाकटे भावंड. आत वर निळसर आणि खाली पांढरा भाग दिसतो आणि त्यांच्या सीमेवर आकडे असतात. फक्त ते अपवर्तनांकाचे नसून ‘ब्रिक्स’चे असतात. १०० ग्रॅम द्रावणात साखरेचे जितके ग्रॅम, तितके अंश ब्रिक्स. २० अंश सेल्सिअसला १० ब्रिक्स म्हणजे १.३४७८, २० ब्रिक्स म्हणजे १.३६३८ आणि ३० ब्रिक्स म्हणजे १.३८११. हे कोष्टक पट्टीवरच छापलेले असल्याने फडात गणित करावे लागत नाही.

आपल्याकडचा उन्हाळा

वरच्या वाक्यात ‘२० अंश सेल्सिअसला’ हे शब्द आले. ते नजरेतून निसटू देऊ नका. द्रव तापला की प्रसरण पावतो, तेवढ्याच जागेत रेणू कमी मावतात आणि प्रकाशाचा वेग कमी करणारे कारणच विरळ होते. म्हणून अपवर्तनांक घटतो. पाण्याचा २० अंशांना १.३३३०, ३० ला १.३३१९ आणि ४० ला १.३३०६.

फरक क्षुल्लक वाटतो? नांदेड-लातूरकडे हंगामाच्या शेवटी, मार्च-एप्रिलमध्ये दुपारचा पारा चाळिशीला टेकतो. २० अंशांसाठी आखलेली नळी अशा उन्हात धरली तर ती ब्रिक्स सुमारे दीड अंशाने कमी दाखवते. वीस ब्रिक्सचा पक्व ऊस साडेअठराचा वाटतो. म्हणून तापमानाची दुरुस्ती करावी लागते. काही नळ्यांत ती आपोआप होण्याची सोय असते, पण तीही ठरावीक तापमानापर्यंतच. प्रयोगशाळेत अ‍ॅबेच्या उपकरणाभोवती ठरावीक तापमानाचे पाणी खेळवतात. तापमान न लिहिता लिहिलेला चार दशांशांचा अपवर्तनांक म्हणजे गाव न लिहिलेला पत्ता!

तापमानाप्रमाणेच प्रकाशाचा रंगही सांगावा लागतो. पाण्याचा अपवर्तनांक तांबड्या प्रकाशाला (६५६ नॅनोमीटर) १.३३१, तर निळ्याला (४८६ नॅनोमीटर) १.३३७ आहे. म्हणून कोष्टकातले आकडे सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी, ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीसाठी दिलेले असतात.

तरंगलांबी आणखी खूप वाढवली तर? रेडिओलहरी पाण्यातून जाताना पाण्याचा अपवर्तनांक सुमारे ९ भरतो! पाण्याचे रेणू विद्युत्‌दृष्ट्या एका बाजूला धन तर दुसऱ्या बाजूला ऋण असतात. रेडिओलहरींच्या संथ तालावर ते सबंध वळू शकतात. दृश्य प्रकाशाचा ताल इतका जलद, की रेणूंना वळायला सवडच मिळत नाही, फक्त त्यांतले इलेक्ट्रॉन हलतात. या दोहोंच्या मधल्या, मायक्रोवेव्हच्या पट्ट्यात रेणू कसे मागे पडत जातात याचा अभ्यास नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत केला जातो. तुमच्या टाचणीच्या प्रयोगाची वाट तिथपर्यंत जाते.

तेल-तूप आणि आकड्याची मर्यादा

लातूर हा तेलबियांचा मुलूख. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे गळीतधान्य संशोधन केंद्र लातूरला आहे. तेलांच्या तपासणीत अपवर्तनांक हे पहिल्या काही परीक्षांपैकी एक. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमावलीत ४० अंश सेल्सिअसला दिलेल्या मर्यादा पाहा :

खोबरेल : १.४४८१ ते १.४४९१
शेंगदाणा : १.४६२० ते १.४६४०
सरकी : १.४६३० ते १.४६६०
तीळ : १.४६४६ ते १.४६६५
करडई : १.४६७४ ते १.४६८९

खोबरेल सर्वांत खाली आणि करडई सर्वांत वर का? खोबरेल तेलातली मेदाम्ले बहुतेक संपृक्त आणि आखूड साखळीची असतात, करडईतली बहुतांशी असंपृक्त आणि लांब साखळीची. असंपृक्त रेणूतल्या दुहेरी बंधांचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर अधिक सहज डोलतात आणि प्रकाशाला अधिक मंदावतात.

आता दोन धोके. पहिला तापमानाचा. तेलाचा अपवर्तनांक अंशामागे सुमारे ०.०००३७ ने घटतो. चाळीस अंशांना १.४६३२ असलेले शेंगदाण्याचे तेल पंचवीस अंशांना मोजले तर १.४६८७ येईल आणि कोष्टक म्हणेल : ‘ही तर करडई!’

दुसरा धोका अधिक खोल आहे. १.४६३० अपवर्तनांकाच्या शेंगदाण्याच्या तेलात १.४६८० चे सोयाबीन तेल एकपंचमांश मिसळले, तर मिश्रणाचा आकडा सुमारे १.४६४० येतो. तो शेंगदाण्याच्या मर्यादेत बसतो! भेसळ आहे, पण आकडा गप्प. याच्या उलटही घडते. सरकी किंवा सरकीची पेंड खाणाऱ्या जनावरांच्या तुपाचा आकडा मुळातच थोडा वर असतो. त्यात भेसळ मुळीच नसते. एकच फूटपट्टी लावली असती तर कापूस पिकवणाऱ्या भागातला प्रामाणिक गवळी भेसळखोर ठरला असता. म्हणून १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालच्या नियमांत अशा भागांतील तुपासाठी वेगळी मर्यादा ठेवली होती.

उसाच्या रसाचेही तसेच. ब्रिक्सचा आकडा रसात विरघळलेल्या सर्वच घन पदार्थांमुळे वाढतो. ग्लुकोज, फ्रुक्टोज, क्षार या सगळ्यांमुळे. त्यांतली खरी उसाची साखर किती, हे पाहण्यासाठी कारखान्याच्या प्रयोगशाळेत ध्रुवणमापीने ‘पोल’ काढतात. पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणले की रसाची शुद्धता मिळते.

तेव्हा अपवर्तनांक काय सांगतो हे नीट ध्यानात ठेवा. आकडा मर्यादेबाहेर असेल आणि तापमान, रंग व नमुन्याचे मूळ तपासून घेतले असेल, तर ‘हा द्रव तो नव्हे’ असे तो बऱ्याच खात्रीने सांगतो. आकडा मर्यादेत असेल, तर ‘हा तोच असू शकेल’ एवढेच सांगतो. ‘हा तोच आहे’ असे म्हणायला दुसरी परीक्षा, दुसरा साक्षीदार लागतो.

करून पाहा

१. पसरट भांड्यात नाणे ठेवा. ते काठाआड जाईपर्यंत मागे सरका आणि मित्राला हळूहळू पाणी ओतायला सांगा. नाणे पुन्हा केव्हा दिसते? पाण्याऐवजी साखरेचा दाट पाक घेतला तर ते लवकर दिसेल की उशिरा?

२. प्रयोगशाळेतल्या उष्णतारोधक बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी आणि साध्या काचेची परीक्षानळी शेंगदाण्याच्या तेलात बुडवा. दोन्ही नळ्या आतूनही तेलाने भरा. एक जवळजवळ दिसेनाशी होते, दुसरी दिसत राहते. पहिल्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.४७, दुसरीचा १.५२. कारण तुम्हीच सांगा.

३. पाण्याचे भिंग करून पाच मित्रांनी स्वतंत्रपणे पाण्याचा अपवर्तनांक काढा. उत्तरे झाकून ठेवा, शेवटी एकदम उघडा. सरासरी काढा, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे उत्तर लिहा, आणि त्या दिवशीचे तापमानही लिहा. एखादे उत्तर फार वेगळे आले तर ते खोडू नका. पट्टी कुठे धरली होती, ते आधी विचारा.